मीटरवर नऊ हजार, वय नऊ वर्षं: हौसेची स्पोर्ट्स कार तपासून कशी घ्यावी

आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात हौसेच्या गाड्या बऱ्याच आहेत, पण रस्त्यावर त्या क्वचित दिसतात. कुणाच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये, कुणाच्या मळ्यातल्या शेडमध्ये कव्हर टाकून ठेवलेल्या असतात. त्यातली एखादी विकायला निघाली की जाहिरातीत पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘अगदी कमी चाललेली.’ फोक्सवॅगन पोलो जीटीआय घ्या. तीन दरवाजे, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, २०१६ साली भारतासाठी फक्त ९९ गाड्या जाहीर झाल्या होत्या. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ सन २०२० मध्ये २०० गाड्यांपुरती आली. अबार्थ पुंटो, त्याआधीची फियाट पालिओ एस-१०, दोन सीटची सॅन स्टॉर्म, या सगळ्यांना आज शोधून घेणारी माणसं आहेत आणि किंमतही तशीच सांगितली जाते.

अशी गाडी मी स्वतः घेतली आहे आणि नंतर मित्रांबरोबर इतरही काही गाड्या बघायला गेलो आहे. माझं ठाम मत असं की कमी किलोमीटर हा शब्द ऐकला की दोन वेगळे प्रश्न विचारायचे. गाडी खरंच कमी चालली आहे का? आणि खरंच कमी चालली असेल, तर इतकी वर्षं ती कशी उभी होती? पहिला प्रश्न सगळेच विचारतात. खर्चात पाडतो तो दुसरा.

बरोबर काय न्यायचं

- चांगला टॉर्च आणि छोटा आरसा (गाडीखाली आणि इंजिनामागे बघायला)
- पेंटची जाडी मोजणारं मीटर. ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे बहुधा मिळतं
- ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट वाचणारं यंत्र), आणि तो वाचता येणारा माणूस
- टायरची हवा मोजायचा गेज, मल्टिमीटर, पांढरं सुती फडकं
- जुने कपडे, कारण गाडीखाली झोपायचंच आहे
- त्याच मॉडेलवर हात बसलेला फिटर. जवळ कुणी नसेल तर पुण्याहून किंवा कोल्हापुरातून आणायची तयारी ठेवा

१. आधी कागद, मग गाडी

गाडी बघून प्रेमात पडलात की कागदांतल्या चुका दिसत नाहीत. म्हणून जाण्याआधीच आरसीचा फोटो मागवा आणि एमपरिवहन ॲपवर नंबर टाका. कितवा मालक, पासिंग कुठलं (एमएच-११ सातारा, एमएच-१० सांगली, एमएच-५० कराड), विमा आणि पीयूसी चालू आहे का, बँकेचा बोजा आहे का, हे तिथे दिसतं. ई-चलन वेगळं तपासा. कर्ज फिटलं तरी आरसीवरचा बोजा उतरवायचा राहून गेलेला असतो. त्यासाठी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. ते काम विकणाऱ्यानं आधी करून द्यावं, ‘नंतर बघू’ नको.

गाडी परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स आला. इम्पोर्टेड गाडीला हा आकडा चांगलाच बसतो. तो आरटीओत विचारून किमतीत धरा, मगच बोलणी करा. नोंदणीला पंधरा वर्षं होत आली असतील तर नूतनीकरण आणि पर्यावरण करही त्याच हिशेबात घ्या.

विम्याची मागच्या तीन-चार वर्षांची पानं मागा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, दरवर्षी २०, २५, ३५, ४५ असा चढत ५० टक्क्यांवर थांबतो. एकच मालक आठ वर्षं गाडी सांभाळतोय आणि बोनस मधेच शून्यावर आलाय, याचा अर्थ त्या वर्षी क्लेम घेतला गेला किंवा विमा बराच काळ बंद होता. दोन्हींचं उत्तर मागायचं. बोनस मालकाच्या नावावर असतो, गाडीच्या नाही, त्यामुळे मालक बदलला असेल तर शून्य दिसणं साहजिक आहे.

२. इंजिन गार असताना पोहोचा

‘मी येण्याआधी गाडी सुरू करू नका’ असं फोनवर स्पष्ट सांगा. पोहोचल्यावर नमस्कार-चमत्कार होतो न होतो तोच बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, पण गाडी पूर्ण गार होईपर्यंत थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी या. गरम इंजिन बरेच दोष लपवतं.

गार इंजिन सुरू करताना एक माणूस मागे सायलेन्सरपाशी उभा करा आणि तुम्ही बॉनेट उघडून पुढे राहा. पहिल्या काही सेकंदांत इंजिनातल्या टायमिंग साखळीचा खळखळाट येतोय का ऐका. मागून निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. सकाळच्या गारठ्यात थोडी पांढरी वाफ चालते, पण इंजिन गरम झाल्यावरही ती थांबली नाही आणि कूलंट कमी होत असेल तर ती गाडी सोडा. मग एसी लावून इंजिन रेडिएटरचा पंखा फिरेपर्यंत चालू ठेवा. पंखा सुरू होऊन तापमानाचा काटा जागेवर राहायला हवा.

३. मीटर खरं बोलतंय का

डिजिटल मीटरही मागे घेता येतं. त्यामुळे आकड्याला साक्षीदार शोधायचे, आणि ते एकमेकांना न ओळखणारे हवेत.

पहिला साक्षीदार सर्व्हिसची बिलं. प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात. शिक्के मारलेलं पुस्तक पुरेसं नाही, बिलंच बघा आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदीशी ती ताडून घ्या. आकडे सावकाश का होईना, चढतच गेलेले असले पाहिजेत.

दुसरा साक्षीदार फास्टॅगचं स्टेटमेंट. हे फारसं कुणी मागत नाही, म्हणून मी आग्रहानं सांगतो. एका गाडीच्या मीटरवर चौदा हजार होते आणि विकणारा ‘फक्त रविवारी गावातल्या गावात’ म्हणत होता. स्टेटमेंट उघडलं तर सातारा-पुणे रस्त्यावरचे आनेवाडी आणि खेड-शिवापूर टोलनाके, जाता-येता, जवळपास दर आठवड्याला. सातारा-पुणे एकेरी साधारण ११० किलोमीटर. वर्षभर दर आठवड्याला जाऊन आलं तर अकरा हजारांच्या वर एका वर्षातच होतात, आणि तिथे तर अनेक वर्षांच्या नोंदी होत्या. आम्ही तिथून निघालो. कराड-कोल्हापूरकडे फिरणारी गाडी असेल तर तासवडे आणि किणीच्या नोंदी बघा.

तिसरा साक्षीदार गाडी स्वतः. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून ड्रायव्हर सीटची उजवी उंच कड बघा. स्पोर्ट्स सीटवर चढता-उतरता तीच घासते. दहा हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत तिथलं कापड किंवा लेदर दबलेलं, चकचकीत नको. ब्रेक पेडलचं रबर, स्टीअरिंगवर डाव्या-उजव्या हाताची जागा, गिअरचा दांडा हेही बघा. मग समोरच्या काचेकडे उन्हाच्या दिशेनं बघा. बारीक टोचल्यासारखे असंख्य ठिपके दिसले तर गाडी हायवेवर खूप पळालेली आहे. पॉलिशवाला बंपर चमकवू शकतो, काचेवरचे ठिपके काढू शकत नाही. काचच नवी असेल तर ती का बदलली ते विचारा. ब्रेक डिस्कच्या कडेला बोट फिरवा. खोल काठ लागला तर डिस्क बरीच झिजली आहे.

टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांनंतरचे शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष. ‘२३१७’ असेल तर २०१७ चा तेविसावा आठवडा. गाडी नऊ हजार चालली म्हणतात आणि टायर मूळचे नाहीत, तर बिल दाखवायला सांगा. वयामुळे बदलले असतील तर ते चांगलंच आहे. पण बिल नाही, कारण नाही, आणि टायर दुसऱ्या-तिसऱ्या जोडीचे, असं असेल तर मीटरवर विश्वास ठेवू नका.

४. पुरात बुडालेली गाडी ओळखा

सांगलीत गाडी घेणाऱ्यानं हा टप्पा कधीही गाळू नये. २००५, २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी शहरात शिरलं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभाग, सांगलीवाडीपासून पलूस-वाळव्याच्या नदीकाठापर्यंत कितीतरी पार्किंग आणि शेड पाण्याखाली होती. कराड-पाटणकडेही तेच. कमी चाललेली गाडी अशा वेळी उभीच असते, म्हणून ती पाण्यात जास्त सापडते. पुढे ती धुवून, वाळवून, दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन परत येते. साताऱ्यात मिळाली म्हणजे सुटलो असं नाही.

सगळे सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून बघा. मिरजेत एका गाडीचा मागचा बेल्ट ओढला तेव्हा शेवटच्या वीतभर पट्टीवर फिकट चॉकलेटी रेघ होती. पुढचे दोन्ही बेल्ट मात्र नवे कोरे, आणि त्यांच्या टॅगवरची तारीख गाडीच्या वयाला जुळत नव्हती. पोर्चमध्ये गाडी आरशासारखी चमकत होती.

मग सीट पुढे-मागे सरकवून खालच्या रुळात टॉर्च मारा, गाळ तिथे अडकून बसतो. डिकीतलं स्टेपनी ठेवायचं ताट रिकामं करा. पायाखालचं कार्पेट कोपऱ्यातून उचलून खालच्या फोमला पांढरं फडकं दाबा. सीटच्या बोल्टांवर गंज, वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर, हेडलाइटच्या आत वाळलेल्या पाण्याची आडवी रेघ, यातलं एकही दिसलं तरी किंमत कमी करून घ्यायचा विचारही करू नका. आजच्या गाडीत सीटखाली, कार्पेटखाली इलेक्ट्रॉनिक्स असतं. पाणी लागलेलं वायरिंग वर्षानुवर्षं त्रास देतं.

५. उभ्या गाडीचे आजार

मीटर खरं निघालं, पूरही नाही. आता खरी तपासणी. रबर, तेल आणि बॅटरी किलोमीटर मोजत नाहीत, वर्षं मोजतात.

*पेट्रोल.* टाकीचं झाकण उघडून वास घ्या. शिळ्या पेट्रोलला वार्निशसारखा आंबूस वास येतो. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, बरंचसं आपल्याच साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून गेलेलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. असं पेट्रोल टाकीत वर्षभर पडून राहिलं की पंप आणि इंजेक्टरपर्यंत त्रास जातो. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्यांचे रबरी भाग ई-२० धरून बनवलेले नाहीत, त्यामुळे इंधनाचे पाइप, सील आणि ओ-रिंग जवळून बघा. ओलसरपणा किंवा पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरूसुद्धा करू नका.

*टायर.* नक्षी पूर्ण असली तरी बाजूला बारीक तडे असतील तर टायर गेले. एकाच जागी उभं राहून टायरला सपाट चकती पडते. वेगात स्टीअरिंग थरथरतं ते बऱ्याचदा यामुळे. स्पोर्ट्स कारचे चार टायर म्हणजे मोठा खर्च. सहा वर्षांपुढचे टायर असतील तर मी नक्षी न बघता नव्या टायरचे पैसे किमतीतून वजा करतो.

*ब्रेक.* महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला किंवा पाटण खोऱ्यात चार-चार महिने दमट हवा असते. डिस्कवर वरवरचा गंज असेल तर दोन-चार ब्रेकमध्ये जातो. खोल खड्डे पडले असतील, किंवा हँडब्रेक ओढून ठेवल्यानं मागचे कॅलिपर अडकले असतील, तर भाग बदलावे लागतात. चालवून आल्यावर चारी चाकांपाशी हात नेऊन उष्णता ताडा. एकच चाक जास्त तापलं तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. ब्रेक ऑईल ओलावा ओढतं, गाडी हलली नाही तरी साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. बिलात ते दिसतंय का बघा.

*टायमिंग बेल्ट.* पोलो जीटीआय आणि ऑक्टाव्हिया आरएसला टायमिंगची साखळी आहे, अबार्थ पुंटोच्या १.४ टी-जेट इंजिनाला बेल्ट. बेल्ट किलोमीटरइतकाच वयानंही बदलायचा असतो. ‘बारा हजारच चालली आहे, बेल्टला काय होतंय’ हे उत्तर स्वीकारू नका. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकून इंजिन उघडावं लागतं.

*कूलंट.* फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.८ आणि २.० टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं घर गळतं, ही ओळखीची तक्रार आहे. आरसा धरून त्याखाली वाळलेल्या कूलंटचे डाग दिसतात का बघा.

*उंदीर.* उसाच्या फडाजवळच्या शेडमध्ये गाडी असेल तर हे आधी बघा. इंजिनावरचं प्लास्टिकचं कव्हर उचला, बॉनेटच्या आतलं गादीसारखं अस्तर कुरतडलंय का बघा, एसीचा केबिन फिल्टर काढा. लेंड्या किंवा कापूस सापडला तर वायरिंगचा एकेक पट्टा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

*बॅटरी.* गार गाडीत, इंजिन बंद असताना मल्टिमीटरवर १२.४ व्होल्टच्या खाली आकडा असेल तर ती पूर्ण चार्ज नाही. नुकतीच चार्ज करून बसवलेली बॅटरीही भेटते, म्हणून ट्रायलनंतर अर्ध्या तासानं पुन्हा सुरू करून बघा.

मालकाला सरळ विचारा, ‘काका, महिन्यातून किती वेळा बाहेर काढता?’ जो माणूस पंधरा दिवसांनी गाडी काढून चांगली गरम होईपर्यंत फिरवतो, वर्षाला ऑईल बदलतो, त्याची वीस हजार चाललेली गाडी मी तीन हजार चाललेल्या बंद गाडीपेक्षा आधी घेईन.

६. पत्रा आणि रंग

गाडी उन्हात उभी करून बघा, पावसात किंवा ट्यूबलाइटखाली नाही. पेंट मीटरवर कंपनीचा रंग साधारण ८० ते १६० मायक्रॉन येतो. सगळीकडे १२० आणि एका दारावर २५० आला तर ते दार पुन्हा रंगवलेलं आहे. आणखी बराच वर गेला तर खाली पुट्टी आहे. ओरखड्यासाठी एक दार रंगवलेलं असणं मला खटकत नाही. छत, दारांचे खांब आणि डिकीच्या तळाचे सांधे पुन्हा रंगवलेले असतील तर मात्र मोठा अपघात समजा. प्लास्टिक बंपरवर हे मीटर चालत नाही. सॅन स्टॉर्मची बॉडी फायबरची असल्यानं तिथेही नाही. तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे शोधा. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे असतील तर ते उघडले गेले आहेत. चेसी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळवा.

७. लिफ्ट आणि स्कॅनर

गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. विकणारा नाही म्हणाला तर विषय संपला. खाली ऑईलची गळती, शॉकअपवर ओल, फाटलेले रबरी बुश, ऑईलच्या चेंबरवर आपटल्याच्या खुणा बघायच्या. अशा बुटक्या गाड्या आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर खाली लागतातच, त्यामुळे बारीक ओरखडे चालतात, वाकलेला भाग नाही.

स्कॅनर लावताना नुसता ‘एरर नाही’ हा निकाल घेऊन उठू नका. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत जुन्या फॉल्टबरोबर त्या वेळचे किलोमीटर नोंदलेले असतात. तो आकडा मीटरपेक्षा मोठा निघाला तर दुसरा पुरावा लागत नाही. सगळे फॉल्ट कालच पुसलेले असतील तर गाडी थोडी चालवून पुन्हा स्कॅन करा.

८. चालवून बघा

विमा चालू असल्याची खात्री करून मगच बसा. आधी गर्दीत: साताऱ्यात पोवई नाका, सांगलीत विश्रामबागहून मिरजेकडे. पोलो जीटीआयला सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. रांगत चालताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्के, थरथर किंवा उशीर जाणवला तर क्लच किंवा मेकाट्रॉनिकचा (गिअर बदलणाऱ्या नियंत्रण युनिटचा) खर्च समोर आहे.

मग चढण. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट सकाळी लवकर, वाहनं नसताना. चढावर टर्बो एकसारखं ओढतं का, आणि उतरताना ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला खेचते का किंवा स्टीअरिंग थरथरतं का, हे तिथे कळतं. वेग दाखवायची ही जागा नाही, रस्ता अरुंद आहे. सांगलीकरांना घाट नाही, त्यांनी मोकळ्या सपाट रस्त्यावर स्टीअरिंग हलकं धरून गाडी सरळ जाते का ते बघावं. रेडिओ बंद, काचा आधी बंद आणि मग उघड्या.

९. व्यवहार

‘दुसरी पार्टी टोकन घेऊन उभी आहे’ हे वाक्य येणारच. येऊ द्या. टोकन दिलंत तर त्याची लेखी पावती घ्या, आणि ‘तपासणीत दोष निघाल्यास टोकन परत’ हे त्यात लिहून घ्या. पैसे बँकेतूनच द्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही.

पैसे देण्याआधी हे हातात हवं:

- मूळ आरसी, विमा, पीयूसी, सर्व्हिसची बिलं
- नावबदलीसाठी सही केलेले फॉर्म २९ (दोन प्रती) आणि फॉर्म ३०, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत
- बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी
- दोन्ही चाव्या, मॅन्युअल, जॅक-पाना. जुन्या फियाटमध्ये चावीचा कोड असलेलं कोड कार्ड
- चाकांच्या लॉक बोल्टची चावी. ही नसली तर पंक्चर झालेलं चाकही निघत नाही

विमा चौदा दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या, आरटीओतली नावबदलीही लगेच टाका. पाच वर्षांपुढच्या आणि बंद झालेल्या मॉडेलची विमा किंमत कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता येते. नेहमीचा घसाऱ्याचा तक्ता लावून एजंट कमी आकडा लिहील, तो मान्य करू नका. फोटो, बिलं आणि तपासणीचा अहवाल जोडून योग्य किंमत मागा.

गाडी घरी आली की इंजिन ऑईल, फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑईल एकदाच बदलून टाका, जुनं कितीही स्वच्छ दिसलं तरी. टायर जुने असतील तर नवे बसेपर्यंत हायवेला नेऊ नका. टाकीतलं पेट्रोल शिळं असेल तर ते काढून घ्या, वरून नवं ओतू नका. आणि पहिले पाचशे किलोमीटर झाल्यावर त्याच फिटरकडे गाडी पुन्हा लिफ्टवर चढवा, कारण बराच काळ उभी असलेली गाडी चालायला लागली की सुकलेली सील तेव्हाच गळायला लागतात.